आजोळाहून परत आणलेली मुलगी : एका कुटुंबाचा प्रकरण अभ्यास

मुलगी ४ वर्षं ११ महिन्यांची. ऑगस्टमध्ये आई-वडील तिला समुपदेशनासाठी घेऊन आले, तेव्हा त्यांच्या तक्रारी अशा होत्या : रात्री अंथरूण ओलं करते, धाकट्या भावाला चावते, उशीखाली भाकरीचे तुकडे लपवते, शाळेत तोंड उघडत नाही. वडिलांच्या मते आज्जीनं लाडावून ठेवली. सगळं सांगून झाल्यावर, उठता उठता आई म्हणाली, ‘‘आणि मला अक्का म्हणते.’’ मामा बहिणीला ‘अक्का’ म्हणतो, तेच हिनं उचललेलं. ‘आई’ असं ती म्हणते ते आज्जीला.

ओळख पटू नये म्हणून कोल्हापूर जिल्ह्यात वरचेवर भेटणाऱ्या अशा काही कुटुंबांचे तपशील इथे एकत्र केले आहेत. मूल आजोळी ठेवणं आपल्याकडे इतकं सर्रास आहे, की परत आणताना काय होतं याचा विचार सहसा कुणी करत नाही.

घडलं काय

वडील शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत, आठवड्याला बदलणारी पाळी. आई लक्ष्मीपुरीतल्या एका धान्य व्यापाऱ्याकडे हिशेब लिहायला. घर कसबा बावड्यात, दोन खोल्या. मुलगी १३ महिन्यांची असताना आईला पुन्हा दिवस गेलेले होते. मध्येच रक्तस्राव झाला आणि डॉक्टरांनी पूर्ण विश्रांती सांगितली. घरात दुसरं कुणी नाही, म्हणून आज्जी येऊन मुलीला आजरा तालुक्यातल्या गावी घेऊन गेली. ‘दोन महिन्यांचा प्रश्न आहे’ असं ठरलं होतं.

मुलगी १ वर्ष ८ महिन्यांची असताना भाऊ झाला. तो वजनानं कमी होता, आईची रजा संपत आली होती, पावसाळ्यात रस्ते बंद, मग दिवाळी, मग ‘आता शाळेलाच आणू’. असं करत साडेतीन वर्षं गेली. आई-बाबा दोन-तीन महिन्यांनी भेटायला जात. पहिल्या काही भेटींत मुलगी निघताना आकांत करायची, म्हणून पुढे ती झोपल्यावर निघायची पद्धत पडली. तिसऱ्या वर्षी तिनं रडणं बंद केलं. घरच्यांना वाटलं, आता रुळली.

एप्रिलमध्ये, ४ वर्षं ७ महिन्यांची असताना, तिला कोल्हापूरला आणलं. ‘पप्पांच्या गाडीवरनं अंबाबाईला जाऊन येऊ’ असं सांगून आणलं. जूनमध्ये इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मोठ्या गटात घातलं. महिनाभर ती अगदी शहाण्यासारखी वागली. शेजारच्या काकू म्हणायच्या, किती गुणी पोरगी. जुलैच्या मध्यापासून अंथरूण ओलं व्हायला लागलं.

तो शहाणपणाचा महिना फसवा असतो. पाहुण्याच्या घरी मूल जसं वागतं तशी ती वागत होती, कारण तिच्या लेखी ते पाहुण्याचंच घर होतं. मुक्काम संपत नाही हे ध्यानात आल्यावर तिचं खरं दुःख वर आलं.

आधी शरीराची तपासणी

वागण्याचं कारण मनात शोधण्याआधी मुलीला बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. लघवीची साधी तपासणी, रक्तातली साखर, हिमोग्लोबिन, कान, वजन-उंची. लघवी आणि साखर ठीक. हिमोग्लोबिन १०.२, आणि या वयात ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. पोट तपासल्यावर कळलं की बद्धकोष्ठ आहे. तीन-चार दिवसांनी एकदा, तीही कडक शी.

या मुद्द्यावर पालक सहसा थांबत नाहीत, पण इथेच अर्धं कोडं सुटतं. साठलेल्या मळाचा दाब मूत्राशयावर पडतो, त्यात लघवी कमी मावते, आणि गाढ झोपेत ती सुटते. आजोळी ती भारतीय बैठकीच्या संडासात बसायची. इथे कमोड. पाय लोंबकळतात, पोटाला जोर मिळत नाही, शिवाय पडायची भीती. म्हणून ती शी रोखून धरायची. डॉक्टरांनी मळ मऊ करणारं औषध आणि लोहाचं औषध दिलं. लोहानं काही मुलांचा मलावरोध वाढतो, म्हणून दोन्ही बरोबर. कमोडसमोर पायाखाली पाट ठेवला आणि सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर पाच ते दहा मिनिटं, घाई न करता, बसायची सवय लावली. संध्याकाळचा चहा बंद. पाणी मात्र दिवसभर भरपूर, कारण पाणी तोडलं तर मळ आणखी कडक होतो.

अंथरूण ओलं करणं हा आजार म्हणून ५ वर्षं पूर्ण होण्याआधी मोजत नाहीत. पण ही मुलगी आजोळी वर्षभराहून जास्त काळ रात्री कोरडी राहत होती. सहा महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा ओलं करू लागलं, तर मधल्या काळात काय बदललं हे विचारावंच लागतं.

हातबदलांचा कागद

पहिली बैठक फक्त आई-वडिलांची, दीड तास. एका आडव्या कागदावर जन्मापासून आजपर्यंत रेघ मारली आणि प्रत्येक टप्प्यावर चारच प्रश्न विचारले : भरवायचं कोण, झोपवायचं कोण, ताप आला तर रात्री उठायचं कोण, आणि रडली तर ती कुणाकडे धावायची? १३ महिन्यांपर्यंत चारही उत्तरं ‘आई’. त्यानंतर चारही ‘आज्जी’. एप्रिलपासून उत्तरं विखुरलेली : भरवते काकू, झोपते एकटी, रात्री उठतात वडील (तेही पहिल्या पाळीच्या आठवड्यात), आणि रडत कुणाकडेच धावत नाही.

कागद बघून वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘म्हंजे हिची आई दोनदा गेली.’’

हेच या प्रकरणाचं निदान आहे, आणि ते वडिलांनी केलं. मूल साधारण सात-आठ महिन्यांचं झालं की एखाद-दुसऱ्या विशिष्ट माणसाला घट्ट धरतं. आठ ते अठरा महिने हा त्या माणसापासून तुटण्याची भीती सर्वांत तीव्र असण्याचा काळ. १३ महिन्यांच्या बाळाला आई दिसत नाही हे कळतं, पण ‘दोन महिन्यांनी’ म्हणजे काय हे कळत नाही. मूल आणि सांभाळणारं माणूस यांच्यातल्या जिव्हाळ्याचा अभ्यास करणारे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५० च्या दशकात इंग्लंडमधल्या रुग्णालयांत आई-वडिलांविना ठेवलेल्या लहान मुलांचं निरीक्षण केलं. त्यांना तीन टप्पे दिसले : आधी आकांत, मग खचून गप्प होणं, आणि शेवटी अलिप्तपणा. आई परत आली तरी तिच्याकडे तोंड न वळवणं. परिचारिकांना हा तिसरा टप्पा ‘मूल रुळलं’ असा वाटायचा. आपल्याकडेही तसाच वाटतो.

मात्र इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. आजोळी ठेवल्यानं मुलीचं वाटोळं झालं असा अर्थ कुणी काढू नये. आज्जीनं तिला जीव लावला, वेळेवर भरवलं, लसी दिल्या, गोष्टी सांगितल्या. अनाथालयात सांभाळणारे हात रोज बदलतात, तिथल्या मुलांची गोष्ट वेगळी. हिच्याजवळ एक पक्का, मायेचा माणूस सतत होता. तिला माणसावर विश्वास ठेवता येतो, ही तिची सगळ्यात मोठी जमा बाजू. जखम झाली ती दोन्ही वेळच्या अचानक तुटण्यानं, आणि दुसऱ्या वेळी तर थाप मारून आणल्यानं.

खेळाच्या खोलीत आणि घरी

मुलीला भातुकली, बाहुल्या आणि दोन खोक्यांची घरं दिली. तिनं एका घरात म्हातारी ठेवली, दुसऱ्या घरात बाकी सगळे, आणि लहान बाहुलीला मधल्या रस्त्यावर. आई पाच मिनिटांसाठी बाहेर गेली तेव्हा तिनं मान वर केली नाही. परत आली तेव्हाही नाही. फक्त चूल दुसऱ्या बाजूला सरकवून पाठ फिरवली. याला गुण देता येत नाहीत. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांची आई बाहेर जाण्या-येण्याची प्रसिद्ध चाचणी साधारण एक-दीड वर्षाच्या बाळांसाठी आहे, पाच वर्षांच्या मुलीसाठी नाही. इथे ते नुसतं निरीक्षण म्हणून घेतलं.

संध्याकाळी साडेसहा ते नऊ घरी जाऊन पाहिलं, त्यात जास्त कळलं. आई कामावरून आली. मुलगा धावत जाऊन साडीला लोंबकळला. मुलगी दारामागं उभी राहून बघत होती. आईनं तिला हाक मारली ती अशी : ‘‘दप्तर आवरलंस काय?’’ जेवताना मुलीनं मागून दुसरी भाकरी घेतली, अर्धी खाल्ली, उरलेली फ्रॉकमध्ये धरली. आई चिडली, ‘‘परत लपवलीस तर आज्जीकडं पाठवून देईन बघ.’’ मुलगी लगेच म्हणाली, ‘‘मग पाठव की. मी जातो.’’

या धमकीचे दोन्ही अर्थ घातक आहेत. एक, या घरातलं तिचं राहणं तिच्या वागण्यावर अवलंबून आहे. दोन, आज्जी ही शिक्षा आहे. आणि भाऊ कसाही वागला तरी त्याला कुणी कुठे पाठवत नाही, हे ती रोज बघते.

भाकरी लपवण्याबद्दल : पोटाला कमी पडत होतं म्हणून नव्हे. आवडतं माणूस न सांगता नाहीसं होतं, हे एकदा कळलेलं मूल हाताशी येईल ते साठवून ठेवतं. उपाय म्हणून तिच्या उशाशी झाकणाचा एक छोटा डबा ठेवला, रोज रात्री त्यात चार शेंगदाण्याचे लाडू किंवा चिरमुरे. लपवायची गरज उरली नाही. डबा भरलेलाच राहू लागला.

आईचा राग

तिसऱ्या भेटीत आई एकटी आली. म्हणाली, ‘‘तिला बघितलं की मला राग येतोय. पोटच्या पोरीचा राग येतोय, हे कुणाला सांगू?’’

राग दोन ठिकाणाहून येत होता. पहिलं, अपराधीपण. मुलगी तिच्याकडे पाठ करते तेव्हा आईला तो निवाडा वाटतो. दुसरं अधिक खोल. ही आई लहान असताना तिची आई, म्हणजे हीच आज्जी, दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबायची. मायेला वेळ नव्हता, हात मात्र लगेच उठायचा. आणि आता तीच बाई नातीला मांडीवर घेऊन भरवते. ‘‘मला कधी जवळ घेतलं न्हाई तिनं. हिला सगळं मिळालं, तरी हिला मी नको.’’

अमेरिकी बालमनोविश्लेषक सेल्मा फ्रायबर्ग यांनी १९७५ मध्ये बाळ-आईच्या जोड्यांवरच्या कामातून मांडलं की लहानपणी काय घडलं हे पुष्कळ आयांना आठवतं. पण त्या वेळी झालेलं दुःख दडपलेलं असेल तर तेच वागणं पुढच्या पिढीवर उतरतं. ज्यांना ते दुःख जाणवू शकतं, त्या सहसा ते पुढे देत नाहीत. म्हणून आईसोबत स्वतंत्र सहा बैठका ठेवल्या. ‘मारू नका’ असा उपदेश त्यात नव्हता. तिला मार बसायचा तेव्हा ती कुठे जाऊन बसायची, कुणी पाणी दिलं का, असे प्रश्न होते. वडिलांचं म्हणणं ‘आम्ही मार खाऊनच मोठे झालो’. त्यांना एवढंच विचारलं, की वडिलांच्या मारातून नेमकं काय शिकलात? ते म्हणाले, ‘‘ते घरात आले की मागच्या दारानं बाहेर पडायचं.’’

ठरवलेले उपाय

सगळ्यात आधी खरं सांगणं. वाक्यं अगोदर लिहून काढली, कारण त्या क्षणी आई-वडील एक तर रडतात किंवा सबबी सांगतात. आईनं मुलीला जवळ बसवून, भाऊ नसताना, सांगितलं : ‘‘तू लहान होतीस तेव्हा मी आजारी पडले. म्हणून तुला आज्जीकडं ठेवलं. तू वाईट वागलीस म्हणून न्हाई. आम्ही लवकर आणायला पाहिजे होतं, आणलं न्हाई. ती आमची चूक. आणि आणताना खोटं सांगितलं, तीपण आमची चूक. आता तू इथंच राहणार. आज्जी तुझी आज्जीच राहणार. तिच्याकडं आपण जायचं, परत यायचं.’’ मुलीनं काही उत्तर दिलं नाही. चार दिवसांनी झोपताना तिनं विचारलं, ‘‘आजारी म्हंजे कुठं दुखत होतं?’’ मग पुढचे दोन आठवडे रोज तोच प्रश्न. रोज तेच उत्तर द्यायचं, कंटाळायचं नाही, असं आईला आधीच सांगून ठेवलं होतं.

दुसरं, रोजची १५ मिनिटं फक्त तिची. वेळ ठरलेली, संध्याकाळी सात. भाऊ त्या वेळी वडिलांकडे किंवा काकूंकडे. मोबाईल दुसऱ्या खोलीत. खेळ मुलगी ठरवणार. आईनं शिकवायचं नाही, प्रश्न विचारायचे नाहीत, चूक काढायची नाही. दिसतं ते बोलायचं : ‘‘तू वरण उकळायला ठेवलंस. आता म्हातारीला वाढतेस.’’ हे ऐकायला सोपं वाटतं, पण पहिल्या आठवड्यात बहुतेक पालकांना चार मिनिटंसुद्धा प्रश्न न विचारता बसता येत नाही. महत्त्वाचा नियम : ही वेळ शिक्षा म्हणून कधीही कापायची नाही.

तिसरं, जाणं-येणं. चोरून निघायचं पूर्ण बंद, मग ती रडली तरी चालेल. परत कधी येणार ते घड्याळात न सांगता तिच्या दिवसात सांगायचं : ‘‘तू शाळेतनं येशील, काकूंकडं जेवशील, झोपून उठशील, आणि मग मी.’’ आईची एक जुनी ओढणी दिवसभर तिच्याकडे. आल्यावर पहिलं काम दप्तराची चौकशी नव्हे, तर दोन मिनिटं खाली बसून तिच्याकडे बघणं.

चौथं, आज्जी. वडिलांचं मत होतं की वर्षभर आज्जीचा फोनसुद्धा नको, म्हणजे विसरेल. हा सल्ला नातेवाईक हमखास देतात आणि तो सर्वांत जास्त नुकसान करतो. आज्जी तोडली तर आईकडे वाट निघत नाही. उलट दुसरं माणूसही आपल्याला टाकून गेलं हे पक्कं होतं. म्हणून रोज साडेसातला दहा मिनिटं व्हिडिओ कॉल, आणि महिन्यातून एकदा भेट. आज्जीशी वेगळं बोलणं झालं, कारण ती फोनवर रडायची, ‘माझ्याबिगर कशी ऱ्हातीस ग’ म्हणायची. मुलगी मग आज्जीला धीर देत बसायची. आज्जीला तीन वाक्यं दिली : ‘‘मी बरी हाय. तू मम्मीकडं हाईस हे मला आवडतंय. ह्या महिन्यात मी येणार हाय.’’ सप्टेंबरमध्ये आज्जी स्वतः एसटीनं आली, दोन रात्री राहिली. पहिल्या रात्री तिनं झोपवलं, आई शेजारी. दुसऱ्या रात्री आईनं झोपवलं, आज्जी शेजारी. निघताना आज्जीनं तिचा हात आईच्या हातात दिला. एप्रिलमध्ये व्हायला हवी होती ती सोपवणूक पाच महिने उशिरा झाली.

बाकीच्या गोष्टी लहान. आज्जीची गोधडी आणली, ती मुद्दाम धुतली नाही, कारण वास हवा होता. मुलीचं अंथरूण आईच्या बाजूला लावलं. गादीवर मेणकापड, वर दुमडलेलं सुती पातळ. ओलं झालं तर रात्री न बोलता काढायचं, भावासमोर विषय नाही. शाळेत बाईंना विनंती केली की तिला मराठीत बोलू द्यावं. घर, माणूस आणि भाषा तीन महिन्यांत बदललेल्या मुलीकडून इंग्रजी कवितेची अपेक्षा करणं अन्यायाचं होतं. बाईंनी पाणी वाटायचं काम तिला दिलं आणि आठवडाभरात ती ‘बास काय?’ विचारू लागली.

कुठे अडलं

तिसऱ्या आठवड्यात आई घाबरून आली : आधी गप्प होती ती आता कामावर निघताना पाय धरून आरडते, मला मारते, ‘तू घाण हाईस’ म्हणते. घरात सगळे म्हणाले, समुपदेशनानं बिघडली. खरं तर ही पहिली चांगली खूण होती. अलिप्तपणा उलट्या वाटेनं सुटतो : आधी पुन्हा आकांत, मग जवळीक. ज्याच्याकडून काही अपेक्षाच नाही त्याच्यासाठी मूल रडत नाही. पुष्कळ कुटुंबं नेमकी याच टप्प्यावर येणं सोडतात. म्हणून ही शक्यता पहिल्याच दिवशी सांगून ठेवावी.

ऑक्टोबरमध्ये तिनं भावाच्या दंडाला इतकं चावलं की वळ उठला. आईनं चिडून दोन दिवस सातची वेळ बंद केली. अंथरूण सलग पाच रात्री ओलं. चावणं थांबवायलाच हवं, पण त्यासाठी वेगळा मार्ग ठरवला : दोघांच्या मध्ये बसायचं, भावाला आधी बघायचं, मग तिला एकच वाक्य, ‘‘चावू देणार न्हाई. राग आलाय, मला सांग.’’ सातची वेळ त्याच दिवशी, तशीच.

दिवाळीत आजोळी गेल्यावर मुलगी परत यायला तयार होईना. दुसऱ्या पाळीला पोचायचं म्हणून वडिलांनी उचलून बसमध्ये घातली. तीन महिन्यांचं काम गेलं असं आईला वाटलं. गेलं नव्हतं. वडिलांनी दुसऱ्या दिवशी तिला रंकाळ्यावर नेऊन माफी मागितली : ‘‘ओढून आणलं, चुकलं माझं. पुढच्या टायमाला आदल्या दिवशी सांगेन.’’ अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एड ट्रोनिक यांच्या आई-बाळ संवादावरच्या कामातून हेच दिसतं, की चांगल्या नात्यातही सूर वारंवार चुकतो. चुकल्यावर तो पुन्हा जुळवला जातो की नाही यावर बाळाचा भरवसा ठरतो. त्यानंतर भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर जायचा आणि यायचा असे दोन्ही दिवस मुलगी स्वतः रंगवू लागली.

मूल आजोळाहून आणायचं असेल तर

सहा ते आठ आठवडे हातात ठेवा. पहिले दोन आठवडे आई किंवा वडिलांनी तिकडे जाऊन राहावं, निदान शनिवार-रविवार, आणि भरवणं-झोपवणं आज्जीच्या शेजारी बसून हळूहळू आपल्या हाती घ्यावं. मग मुलाला आज्जीसह दोन-तीन दिवस नव्या घरी आणून परत न्यावं, असं दोनदा. शेवटच्या खेपेला आज्जीनं आठवडाभर राहावं आणि निरोप घेऊनच जावं. शाळा त्यानंतर किमान महिन्यानं. आई-वडिलांपैकी एकाची रजा पहिल्या दोन आठवड्यांसाठी लागतेच. ती प्रवेशाच्या फीइतकीच आधी जमवून ठेवावी. आणल्यावर काही आठवड्यांनंतरही मूल फार गप्प असेल, खाणं तुटलं असेल, किंवा कधीही स्वतःला इजा करत असेल, तर थांबू नये. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

पुढच्या एप्रिलमधली स्थिती

हिमोग्लोबिन ११.६. शी रोज किंवा एक दिवसाआड. अंथरूण पंधरवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळी ओलं, बहुतेक वेळा वडिलांच्या तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात. वर्गात मराठीत भरपूर, इंग्रजीत थोडं बोलते. आईला मम्मी म्हणते, ताप आला की आज्जीला हाक मारते; आईला आता त्याचा राग येत नाही, ती फोन लावून देते. भावाशी भांडण आहेच, ते कुठल्याही दोन भावंडांत असतं तितकं. अनोळखी माणसाकडे पटकन जायची, ते थांबलं. आईनं तिला खोलीबाहेरून हाक मारली की अजून क्षणभर थांबून मगच येते.

मे महिन्यात दहा दिवस आजोळी जायचं ठरलं आहे. पहिले दोन दिवस आई आणि भाऊ बरोबर राहतील, मग परततील. तारखा मुलीला सांगितल्या आहेत. आणायला वडील जातील, पाळी आधीच बदलून घेतली आहे. पुढची भेट जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, शाळा सुरू होण्याआधी.